उभ्यानं घेतलेलं माप

९ जानेवारी

बटण,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या त्या सायकलवाल्या मित्राकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. देत नव्हता बिचारा, मी त्याच्या दुकानात दोन तास ठाण मांडून बसले तेव्हा दिला.

नऊ वर्षांनी लिहिते आहे, तर आधी खुशाली विचारायला हवी. ती नंतर. बाबांना कॅन्सर झालाय. अन्ननलिकेचा, छातीच्या मध्याच्या जरा खाली. चार महिने घास अडकत होता आणि हा माणूस मला सांगत होता की भात कोरडा झालाय. मीही शहाणी, भात आणखी मऊ शिजवत राहिले. पाणीसुद्धा उतरेना तेव्हा कुठे डॉक्टरकडे जायला तयार झाले.

ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. म्हणून रेडिएशन. अठ्ठावीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार रोज एक, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ जिथे आहे तिथेच आहे, पसरलेली नाही. नेम बरोबर बसला तर आशा आहे.

काल मापं घेतली. दवाखान्यात त्याला प्लॅनिंग म्हणतात, बाबा मापं म्हणतात. एका मशीनमध्ये झोपवून स्कॅन काढला. मग जांभळ्या शाईनं छातीवर एक फुली, दोन्ही कुशींवर एकेक, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. भिंतींतून लाल उजेडाच्या बारीक रेघा येतात. रोज त्या या फुल्यांवर बसवायच्या, म्हणजे माणूस दर वेळी अगदी त्याच जागी झोपतो. शेवटच्या दिवसापर्यंत या रेषा पुसायच्या नाहीत. छातीला साबण नाही, घासणं नाही.

बाबांनी झोपल्या झोपल्या मशीनवरच्या बाईला विचारलं, "गळ्याच्या खळगीपासून किती आलं?"

"कशाला हवंय काका?"

"असू द्या. सवय आहे."

तिनं हसत हसत पट्टी लावून तिन्ही फुल्यांची अंतरं सांगितली. घरी आल्यावर ती मला मापाच्या वहीत लिहायला लावली. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी काय लिहू म्हटलं, तर म्हणाले, "मी, असं लिही."

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर चित्र दाखवलं. गाठीभोवती एक रेघ आणि तिच्या बाहेरून आणखी एक. ही दुसरी कशाला, असं बाबांनी विचारलं. "मार्जिन," त्या म्हणाल्या, "श्वासाबरोबर गाठ हलते, म्हणून चहूबाजूंनी थोडं जास्त धरतो." बाबा एकदम खूश. "म्हणजे तुम्हीही आमच्यासारख्या शिंपीच की!" मग त्यांना तुझी गोष्ट सांगितली. चार वर्षांचा असताना तू कुठल्याशा युनिफॉर्मचं पितळी बटण गिळलंस, एक्स-रेमध्ये तो पांढरा गोल दिसला, आणि बाबांनी ती फिल्म दुकानाच्या काचेला लावली. "पोराचं बटण दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. माझं हे कधी येणार?" बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

ये, असं म्हणत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

ताई


२२ जानेवारी

बटण,

रेडिएशनच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आज नववं. आमचा नंबर अकराचा असतो आणि बारा वाजेपर्यंत लागत नाही. समोर एवढा जाड दरवाजा आहे की तो सरकायलाच अर्धं मिनिट घेतो. त्याच्यावर लाल दिवा. दिवा लागला की आतमध्ये फक्त आपला माणूस असतो, बाकी सगळे बाहेर. मशीनवरची बाईसुद्धा. ती काचेमागे बसून स्क्रीनवर बघते आणि मी दिव्याकडे. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. आता मोजत नाही.

या बाकावरची मंडळी एकमेकांना नावानं ओळखत नाहीत. "मानवाले आत गेलेत का?" "नाही, पोटवाल्या आजी आधी." आम्ही छातीवाले.

बाबांचं गिळणं आता आणखी दुखतं. आतून भाजल्यासारखं होतं म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, बरं व्हायच्या आधी बिघडेल. पण ते सांगायला ठीक. दोन चमचे दूध घ्यायला अर्धा तास लागतो आणि प्रत्येक घोटाला ते माझ्याकडे बघतात, जणू मीच दुधात काही घातलंय. काल म्हणाले, "बास झालं. उद्यापासून येणार नाही मी." आज कसेबसे आणले.

रिक्षात बसल्यावर विचारलं, "त्याला कळवलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"कामात आहे म्हणाला."

खोटं बोलले, दुसरं काय करणार? मला नको लिहूस. त्यांना दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. वाचून त्यांना निदान राग येईल आणि रागाच्या भरात दोन घोट जास्त जातील.

ताई


६ फेब्रुवारी

बटण,

मोठा घोळ झालाय. चार सिटिंग चुकीच्या जागी गेली. सोळावं ते एकोणिसावं. घामानं छातीवरच्या रेषा पुसल्या होत्या आणि पुन्हा काढताना त्या वर गेल्या. बोटभर. दर शुक्रवारी मशीनवरच जागा तपासायचा फोटो घेतात, त्यात आज सापडलं.

त्या लोकांना जराही लक्ष देता येत नाही का? माणूस रोज तुमच्या टेबलावर येतो, तुम्ही रोज त्याला सरळ करता, आणि चार दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही? मी खूप बोलले त्यांना. बाकावरचे सगळे ऐकत होते.

आज सिटिंग झालं नाही. पुन्हा मापं घेतली. सोमवारपासून पुढे चालू.

ताई


८ फेब्रुवारी

बटण,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले, पण पेटीला कुलूप होतं. त्यात मी दवाखान्यावर सगळं ढकललंय. तसं झालं नाही. घामानंही पुसल्या नव्हत्या.

गेल्या रविवारी बाबांनी आंघोळीचा हट्ट धरला. का, ते आत्ता विचारू नकोस. मी गरम पाणी काढून दिलं, म्हटलं फक्त पाय आणि पाठ धुवा, आणि दूध उतू जायला लागलं म्हणून स्वयंपाकघरात गेले. येऊन बघते तर छातीला साबण लावून स्वारी बसलेली. फुल्याही गेल्या, रेषाही गेल्या. अंग स्वच्छ, धुतलेल्या कापडासारखं.

आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. रेषा पुसल्या तर घरी काढायच्या नाहीत, आम्हाला फोन करायचा. तसा कागदही दिलाय, तो फ्रीजवर लावला आहे. मी फोनकडे गेले तर बाबांनी अडवलं. "पुन्हा मापं घेतील, चार दिवस खाडा होईल. वही आहे ना आपल्याकडे." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. बोलणी खायला नकोत, खाडा नको.

संध्याकाळी बाबा आरशासमोर उभे राहिले. पाठ ताठ, हनुवटी वर, हात सैल. आपण गिऱ्हाइकाला उभं करायचो तसे. मी म्हटलं, "बाबा, त्यांनी झोपवून काढल्या होत्या." तर म्हणाले, "आडवं पडून कुणी माप देतं का? माप उभ्यानं घ्यायचं." आणि त्यांच्या हाताला कंप सुटतो म्हणून मार्करचं पेन माझ्याकडे दिलं.

तुला ठाऊक आहे, त्या दुकानात मी सव्वीस वर्षं काढली. काजं, बटणं, तुरपाई, इस्त्री. खडू माझ्या हाती कधी दिला नाही. "रेष चुकली की कापड गेलं" म्हणायचे. तुला बाराव्या वर्षी दिला. मी हेवा केला होता, आता सांगायला हरकत नाही. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या छातीवर रेष ओढायला पेन माझ्या हातात दिलं. गळ्याच्या खळगीवर टेपचं टोक त्यांनी धरलं, मी वहीतलं अंतर मोजलं, फुली मारली. मग रेषा. बटण, माझा हात एकदाही हलला नाही. ते आरशात बघून म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मशीनवरच्या बाईनं परवा समजावून सांगितलं. माणूस उभा राहिला की कातडी खाली ओघळते, त्यात बाबांचं वजन अकरा किलोनं उतरलेलं, सगळं सैल. उभ्यानं मारलेली फुली झोपल्यावर वर सरकते. चार दिवस मशीन बरोबर फुलीवर नेम धरत होतं आणि फुलीच चुकीच्या जागी होती. तिला वाटलं, सिनियरनी रेषा पुन्हा गडद केल्यात, ते लोक करतात तसं अधूनमधून. "इतकी सरळ रेष आमच्याकडे फक्त तेच काढतात," म्हणाली. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तिला मी सगळ्यांसमोर बोलले होते.

आणखी एक राहिलं. फोटोत सापडल्यावर तिनं विचारलं, "या रेषा कुणी काढल्या?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मी काढल्या. आरशात बघून." तिनं त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मूग गिळून गप्प बसले.

अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी झालेय मी.

ताई


२३ फेब्रुवारी

शुक्रवारी संपलं. मधला खाडा दोन सिटिंग वाढवून भरून काढायचा की नाही यावर त्यांची चर्चा झाली आणि एकच वाढवायचं ठरलं, तेही त्यातच झालं. आता आठ आठवडे वाट बघायची, मग स्कॅन. तोवर काही करायचं नाही. औषध नाही, मशीन नाही. रोज अकराला तयार व्हायची सवय लागलीय, त्या वेळेचं काय करायचं ते कळत नाही. आज बाबा साडेदहाला चपला घालून बसले होते.

परवा अर्धी वाटी मऊ भात गेला.


१६ एप्रिल

बटण,

स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, जानेवारीतलं आणि आत्ताचं. गाठ बरीच गेलीय. वरची बाजू तर स्वच्छ आहे. खालच्या कडेला राहिलीय. आणि पाठीच्या एका मणक्यात नवा पांढरा डाग आहे. महिनाभर पाठ दुखतेय म्हणत होते, मला वाटलं बसून बसून.

मी विचारलं. बाबांना बाहेर बसवून विचारलं. खालची कडाच का राहिली? फुली वर सरकली होती, म्हणजे खालचीच बाजू सुटली ना?

त्यांनी दोन्ही चित्रं खालच्या कडेपाशी मोठी करून बघितली. मग म्हणाल्या, "त्या चार दिवसांमुळे झालं असेल, किंवा तसंही झालं असतं. मणक्यातलं तर बहुधा आधीपासून असणार, इतकं बारीक की दिसत नव्हतं. मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी हो म्हटलं असतं तर मी छाती पिटली असती. नाही म्हटलं असतं तर झोपले असते. आता मी काय करू? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, सारखी ती चार सिटिंग मोजत असते. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. सुरी खाली ठेवते, पुन्हा उचलते.

तेव्हा साबण का लावला ते आता सांगते. तुला दोष द्यायला नाही. मनात ठेवून माझंच डोकं फुटायची वेळ आलीय.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी खाणं आणि दवाखाना दोन्ही सोडायचं ठरवलं. तोंड भिंतीकडे करून झोपून राहिले. कशालाच हलेनात, तेव्हा मी म्हटलं, "रविवारी तो येतोय." माझ्या तोंडून निघून गेलं. तुझं पत्र नाही, फोन नाही, काही नाही, आणि मी म्हटलं येतोय. ते उठून बसले. त्या आठवड्यातली उरलेली सगळी सिटिंग निमूट घेतली. रविवारी सकाळी दाढी केली, कपाटातून निळा शर्ट काढायला लावला आणि म्हणाले, पोरगं इतक्या वर्षांनी येतंय, अंगाला औषधांचा वास येतोय, मला आंघोळ घाल.

दुपारी चारपर्यंत खुर्चीत बसले होते शर्ट घालून. मग शर्टाची बटणं स्वतः काढली आणि म्हणाले, "गाडी चुकली असेल. चल, रेषा काढून घेऊ."

म्हणजे साबण माझ्या खोटेपणामुळे लागला, आणि रेषही मीच काढली. आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी त्यांना वाचवतेय.

आता ते कोटाचं. नऊ वर्षं झाली, आपण दोघांनीही त्याचं नाव काढलेलं नाही. तू कापलेल्या कोटाची बाही इंचभर आखूड झाली, बाबांनी गिऱ्हाइकासमोर तुझ्या हातातली कात्री काढून घेतली, लायकी काढली. तू म्हणालास, "वहीत बावीसच लिहिलंय." त्यांनी वही मिटली. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. कापायच्या वेळी आकडे मीच वाचून दाखवले होते, वहीत बावीसच होतं, बाबांच्या अक्षरात. तेवीसचं बावीस त्यांनीच लिहिलं होतं. मला माहीत होतं, तुला माहीत होतं की मला माहीत आहे. मी इस्त्री फिरवत राहिले. तू निघून गेलास तो बाबांमुळे असं मी सगळ्यांना सांगते. तू गेलास तेव्हा दारातून बघितलंस ते मात्र माझ्याकडे.

फेब्रुवारीत त्यांनी "मी काढल्या" म्हटलं तेव्हा मला हे सगळं आठवलं. त्यांनाही आठवलं असेल का? विचारायची हिंमत नाही.

सोबत त्या वहीचं पान पाठवतेय. न विचारता फाडलंय. खाली मी सही केलीय, की आकडा त्यांचा आहे आणि वाचून दाखवणारी मी होते. आता याचा काय उपयोग, तूच ठरव. वरातीमागून घोडं म्हण हवं तर.

सोमवारपासून पाठीला पाच सिटिंग आहेत. बरं करायला नाही, दुखणं कमी व्हावं म्हणून. हे मला सांगितलं, त्यांना मी सांगायचं आहे.

ताई


२७ एप्रिल

बटण,

पाच सिटिंग शुक्रवारी संपली. पुन्हा रेषा काढल्या होत्या, या वेळी पोटावर आणि कुशीला. मी पाच दिवस त्यांच्या अंगाला ओलं फडकंसुद्धा भीतभीतच लावलं. शेवटच्या दिवशी मशीनवरची बाई म्हणाली, "आता पुसल्या तरी चालतील काका." आणि मला बाजूला घेऊन माझा हात धरून उभी राहिली. मी तिची माफी मागितली, फेब्रुवारीची. तिनं मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही.

पाठ जरा कमी दुखतेय. खाणं पुन्हा अडकतंय. पोटात नळी घालायची का, असं विचारलं तर म्हणाले, "कापडाला भोक पाडायचं नाही." उठून बसतात तेवढंच. वजन मी आता एका हातानं पेलू शकते.

पाच सिटिंग कशासाठी होती ते मी काल सांगितलं. सांगावं लागलंच नाही खरं तर. मी सुरुवात केली आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. मग म्हटलं, आता सगळंच सांगून टाकू. म्हटलं, "बाबा, तो येतो म्हणालाच नव्हता. मी खोटं बोलले होते."

"ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तेव्हाच. खोटं बोलताना तू तोंडात टाचण्या धरल्यासारखी बोलतेस. लहानपणापासून."

"मग साबण कशाला लावलात? दाढी कशाला केलीत?"

ते पोटावरच्या रेषांवरून बोट फिरवत राहिले. त्या बाईनं काढल्या होत्या, जरा वाकड्याच आहेत. मी काढलेल्या जास्त सरळ होत्या, असं मनात आलं आणि माझी मलाच शरम वाटली.

मग म्हणाले, "आता पुसल्या तर चालतात ना?"

"हो."

"मग येत्या रविवारी आंघोळ घाल. साबण लावून. आणि तो निळा शर्ट इस्त्री करून ठेव."

"बाबा, कुणी येणार नाहीये."

"ठाऊक आहे. तरी घाल."

आज सोमवार. पत्र तुझ्याकडे पोचायला तीन दिवस लागतात, म्हणजे गुरुवारी मिळेल. तुला लिहितेय हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ताई